मेणबत्त्यांचा सण

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर दर वर्षी सप्टेंबर महिन्यात माऊंट मेरीची जत्रा भरते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस मानला जातो, व त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर टेकडीची वाट माणसांनी फुलून जाते. वाटेच्या दोन्ही बाजूंस मेणाचे जिन्नस विकणारे बसलेले असतात. साध्या मेणबत्त्या तर असतातच. शिवाय मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे घर, मेणाचे तान्हे मूल अशा आकृतीही असतात. ज्याचा पाय दुखतो तो पाय विकत घेतो, ज्यास घर हवे तो घर घेतो, जिची कूस उजवलेली नाही ती मूल घेते, आणि प्रत्येकजण आपला जिन्नस मरियामातेपुढे ठेवून हात जोडतो. ह्यात ख्रिस्ती व इतर असा भेद फारसा उरत नाही. मेणबत्ती ही देवाला वाहण्याची वस्तू आहे, ती माणसाच्या हातून देवाकडे जावयाची, अशी समजूत हे दृश्य पाहून कोणाचीही होईल. आणि ती काही चुकीची नव्हे.

परंतु, श्रोतेहो, ख्रिस्ती वर्षात एक सण असा आहे की, त्या दिवशी मेणबत्तीची वाट नेमकी उलट असते. त्या दिवशी ती ख्रिस्तमंदिरातून निघते आणि माणसाच्या हातात बसून त्याच्या घरी जाते. हा सण २ फेब्रुवारीचा. इंग्रज त्यास कँडलमस म्हणतात, फ्रेंच शांदलर म्हणतात, स्पॅनिश लोक कांदेलारिया म्हणतात. ह्या तिन्ही नावांच्या पोटी मेणबत्तीच आहे. जर्मन लोक त्यास लिश्टमेस, म्हणजे प्रकाशाची उपासना, असे म्हणतात. नाताळचा गाजावाजा ह्या सणास नाही, पुनरुत्थानाच्या सणाचे वैभव नाही. तथापि ख्रिस्ती धर्मात प्रकाशाचा जो अर्थ मानला आहे तो ह्या लहानशा सणात जितका स्वच्छ दिसतो, तितका मोठ्या सणांच्या झगमगाटात दिसत नाही.

ह्या सणाचे मूळ लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पुत्र झालेल्या मातेने चाळीस दिवसपर्यंत मंदिरात जावयाचे नसे. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हा नियम निराळा समजावून सांगावयास नको. ती मुदत संपली म्हणजे मातेने मंदिरात जाऊन एक कोकरू व एक पक्षी अर्पण करावयाचा. आणि कोकरू घेण्याची ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्ले चालत. शिवाय पहिला पुत्र हा देवाचा, म्हणून त्यास देवापुढे आणावयाचे. मरिया आणि योसेफ ह्यांनी हे सर्व यथाविधी केले. लूक कोकराचा उल्लेख करीत नाही, फक्त पक्ष्यांचा करतो. एवढ्यावरून हे कुटुंब गरीब होते हे वाचकाने ओळखावयाचे. नाताळचा २५ डिसेंबर धरून चाळीस दिवस मोजले की चाळिसावा दिवस २ फेब्रुवारीस येतो.

यरुशलेमचे मंदिर त्या काळी केवढे गजबजलेले असे! याजक, लेवी, सराफ, पक्षी विकणारे, दूरदूरचे यात्रेकरू अशा त्या गर्दीत एक गरीब जोडपे तान्हे मूल घेऊन आले, तर त्याकडे कोणाचे लक्ष जाणार? फक्त दोघांचे गेले. एक शिमोन आणि दुसरी हन्ना. शिमोन हा इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहत होता. प्रभूचा अभिषिक्त पाहिल्यावाचून त्यास मरण येणार नाही असे त्यास सांगितलेले होते. हन्ना ही आशेराच्या वंशातली विधवा. लग्नानंतर अवघी सात वर्षे तिला पतीचा सहवास लाभला होता, आणि लूकने तिच्या संबंधात चौऱ्यांशी हा आकडा दिला आहे. उपवास व प्रार्थना करीत ती मंदिरातच दिवस काढी. शिमोनाचे वय मात्र लूकने दिलेले नाही. तो वृद्ध होता असे चित्रकारांनी व परंपरेने ठरविले. कारण मूल हातात घेताच तो म्हणाला की, आता आपणास निरोप मिळावा, आता आपण शांतीने जाऊ. असे बोलणारा मनुष्य तरुण असेल असे कोणास वाटावे?

त्याच उद्गारात शिमोनाने त्या मुलास प्रकाश म्हटले. केवळ आपल्या लोकांचा नव्हे, तर परक्या राष्ट्रांसही उजेड दाखविणारा प्रकाश. हा सण उभा आहे तो ह्या एका शब्दावर. आणि येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लूकच्या ह्या संपूर्ण कथेत दिवा नाही, समई नाही, मेणबत्ती तर नाहीच. आहे तो फक्त एका माणसाच्या तोंडचा शब्द. मेणबत्त्या पुढे आल्या, आणि त्या लोकांनी आणल्या. म्हणजे ह्या सणाची मेणबत्ती हे त्या एका शब्दावर लोकांनी मेण, वात आणि ज्योत घेऊन लिहिलेले भाष्य आहे.

शिमोनाचे बोलणे मात्र तेथेच संपले नाही. मरियेकडे वळून त्याने तिला सांगितले की, ह्या मुलास अनेकांचा विरोध होईल, आणि तिच्या स्वतःच्या जिवातून तरवार भोसकून जाईल. चाळीस दिवसांची बाळंतीण, कडेवर पहिले मूल, आणि आशीर्वाद देणारा हात तिला असे भविष्य सांगतो! सणाच्या दिवशी एरवी कोणी अशुभ बोलत नाही. येथे प्रकाश आणि तरवार एकाच श्वासात उच्चारली गेली, आणि ख्रिस्ती परंपरेने त्यातील तरवार गाळून केवळ प्रकाश ठेवला नाही. ह्या सणाचा अर्थ समजण्यास ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

आता मेणबत्त्या कशा आल्या ते पाहू. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून पवित्र भूमीच्या यात्रेस गेली व तिने आपल्या प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला. यरुशलेममध्ये हा चाळिसावा दिवस मोठ्या सन्मानाने पाळतात असे तिने नमूद केले आहे. तेथे तो त्या वेळी ६ जानेवारीपासून मोजीत, म्हणून तो १४ फेब्रुवारीस येई. तिच्या वर्णनात मिरवणूक आहे, प्रवचने आहेत, मेणबत्त्या नाहीत. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, पाचव्या शतकाच्या मध्यास, यरुशलेमजवळ इकेलिया नावाची एक धनवान स्त्री राहत होती. बेथलेहेमच्या वाटेवर तिने मरियेच्या नावाने एक ख्रिस्तमंदिर बांधविले. हा सण मेणबत्त्या घेऊन साजरा करण्याची चाल प्रथम तिने पाडली, असे सहाव्या शतकातील सिरिल नावाचा संतचरित्रकार सांगतो. कोण्या धर्माधिकाऱ्याने हुकूम काढून ही चाल सुरू केलेली नाही. एका भाविक स्त्रीच्या मनात आले आणि तिने दिवे पेटविले.

ग्रीक भाषेत ह्या सणास 'भेट' अशा अर्थाचे नाव पडले. कोणाची भेट? म्हाताऱ्याची आणि मुलाची, सरत्याची आणि येणाऱ्याची. सम्राट जस्टिनियन ह्याच्या अमदानीत, ५४२ साली, कॉन्स्टॅन्टिनोपल येथे हा सण २ फेब्रुवारीस पाळण्याचे ठरले असे परंपरा सांगते. ते वर्ष त्या नगरीत भयंकर प्लेगचे होते. ज्या शहरात प्रेते पुरण्यास माणसे अपुरी पडत होती, त्या शहरात ह्या सणाची तारीख बसली हे विसरून चालणार नाही.

पूर्वेकडून हा सण रोमला गेला. तेथे सातव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला सर्जियस ह्याने त्या दिवशी मिरवणूक काढण्याचे ठरवून दिले. हा पोप सिरियातील अँटिऑकच्या घराण्यातला, तेव्हा पूर्वेची चाल त्यास परकी नव्हती. मिरवणूक पहाटे रोमच्या जुन्या चौकातील, म्हणजे फोरममधील, संत एड्रियनच्या मंदिरापासून निघे आणि सांता मारिया माज्योरे ह्या मरियेच्या थोर मंदिराकडे जाई. संत एड्रियनचे हे मंदिर म्हणजे पूर्वीचे रोमन सेनेटचे सभागृह. त्याच फोरमच्या दुसऱ्या टोकास सम्राट टायटस ह्याची विजयकमान आजही उभी आहे. सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे ते मंदिर उद्ध्वस्त केले. त्यातील सात शाखांची सोन्याची समई शिपाई खांद्यावरून वाहून नेत आहेत, असे शिल्प त्या कमानीवर कोरलेले आहे. ज्या मंदिरात शिमोनाने प्रकाशाचा शब्द उच्चारला, त्या मंदिराची समई लुटीत रोमला आली. आणि सहा शतकांनंतर त्याच शब्दाच्या स्मरणार्थ रोमचे लोक हातात दिवे घेऊन त्याच फोरममधून चालू लागले. सोन्याची समई विझली ती विझली. शब्द मात्र हातोहात येऊन पोहोचला.

फेब्रुवारीत प्राचीन रोमन लोकांचे शुद्धीकरणाचे विधी होत असत. त्यांच्या जागी हा सण बसविला, असे पुष्कळदा सांगितले जाते. इंग्लंडातील विद्वान संन्यासी बीड ह्याने ७२५ च्या सुमारास असेच काहीसे लिहिले, आणि तेव्हापासून ही कथा चालत आली. परंतु सणाची तारीख रोममध्ये ठरली नसून यरुशलेमच्या गणनेवरून आली, हे वर सांगितलेल्या इतिहासावरून स्पष्ट आहे. चाळीस दिवस हेच त्याचे मूळ. आर्मेनियन लोक ख्रिस्तजन्म ६ जानेवारीस मानतात, म्हणून त्यांचा हा सण अद्याप १४ फेब्रुवारीस येतो. आदल्या सायंकाळी ते मंदिराच्या अंगणात मोठी शेकोटी पेटवितात, आणि नवविवाहित जोडपी तिच्याभोवती फिरतात.

मध्ययुगात मेणबत्त्यांस आशीर्वाद देण्याचा विधी रूढ झाला, आणि पंडितांनी मेणबत्तीच्या एकेका अंगास अर्थ लावला. जिनोआचा धर्माध्यक्ष याकोबुस दे वोराजिने ह्याने तेराव्या शतकात संतचरित्रांचा जो प्रसिद्ध संग्रह केला, त्यात हा अर्थ दिला आहे. मधमाशी नरसंगावाचून मेण निर्माण करते अशी त्या काळी समजूत होती. म्हणून मेण म्हणजे कुमारीपोटी जन्मलेल्या ख्रिस्ताचा देह. मेणात लपलेली वात म्हणजे त्याचा आत्मा. आणि ज्योत म्हणजे त्याचे ईश्वरत्व. मधमाशीविषयीचे ते शास्त्र आज कोणी खरे मानणार नाही. तरीही ह्या रूपकात एक निरीक्षण असे आहे की जे जुने होत नाही. तिन्हींपैकी एकटे काहीच उजेड देत नाही. मेण वितळल्यावाचून वात जळत नाही आणि वात जळल्यावाचून ज्योत राहत नाही. जे उजळते ते झिजते. शिमोनाच्या तोंडी प्रकाश आणि तरवार शेजारी शेजारी का आली, ह्याचे उत्तर त्या पंडिताच्या टेबलावरील मेणबत्तीत होते.

मेण हे महागही होते. गरिबाच्या घरी चरबीची बत्ती जळे. तिचा धूर होई आणि वासही येई. मधमाशीच्या मेणाची बत्ती शुभ्र उजेड देई आणि सुगंध दरवळे. परंतु ती श्रीमंताच्या दिवाणखान्यात वा देवापुढे. पुढे स्टीअरिन आणि पॅराफिन निघाली व मेणबत्ती स्वस्त झाली. तरी देवापुढील बत्तीत मोठा अंश मधमाशीच्या मेणाचाच असावा असा आग्रह रोमने १९०४ मध्येही धरला होता. तेव्हा वर्षातून एक दिवस गरिबातल्या गरिबाच्या हातात खऱ्या मेणाची जळती बत्ती येई, आणि तिचा उरलेला तुकडा तो घरी नेई, ह्याचे मोल केवढे असेल ते समजण्यासारखे आहे.

ती घरी नेऊन तो काय करी? ह्याचे उत्तर पोलंडमध्ये फार स्पष्ट मिळते. तेथे ह्या दिवशी आशीर्वादित झालेल्या मेणबत्तीस ग्रोम्नित्सा म्हणतात. ग्रोम म्हणजे मेघगर्जना. मंदिरातून निघालेली ज्योत वाऱ्यापासून हाताने झाकीत लोक घरी आणीत, तिच्या काजळीने घराच्या तुळईवर क्रूसाची खूण करीत, आणि मग ती बत्ती वर्षभर जपून ठेवीत. उन्हाळ्यात वीज कडाडू लागली की ती खिडकीत लावीत. आणि घरात कोणी शेवटच्या घटका मोजू लागले, म्हणजे तीच बत्ती पेटवून त्याच्या हातात देत. हात थरथरत असेल तर दुसरे कोणी आपला हात त्याच्या हाताभोवती धरी.

इतरत्र ह्या दिवसास आणखीही अर्थ चिकटले. फ्रान्समध्ये घरोघर पातळ धिरडी करतात. बव्हेरिया व ऑस्ट्रियात शेतावरील गड्यांचे वर्ष ह्या दिवशी संपे. त्यांस सालाचा पगार मिळे व धनी बदलण्याची मोकळीक असे. दिवस लांबू लागलेला असल्यामुळे कारागीर ह्यापुढे संध्याकाळचे काम दिव्याच्या उजेडात करीत नसत. स्कॉटलंडात शाळेतील मुले ह्या दिवशी गुरुजींस पैसे आणून देत. शाळेसाठी दिव्यांची सोय करण्याकरिता ही दक्षिणा सुरू झाली असे सांगतात. दुसऱ्याच दिवशी, ३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ ह्याचा सण येतो. तेव्हा दोन मेणबत्त्या आडव्यातिडव्या बांधून भाविकाच्या गळ्याशी धरतात आणि कंठरोगापासून रक्षण मागतात.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून हा विषय पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेणबत्तीने वीज टळते काय? गळ्याचा रोग बरा होतो काय? सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी हाच प्रश्न विचारला. लोक खुणेलाच शक्ती मानू लागले, देवाऐवजी मेणावर विसंबू लागले, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडात १५४८ च्या आरंभी, राजा सहावा एडवर्ड अवघा दहा वर्षांचा असताना, त्याच्या मंत्रिमंडळाने ह्या दिवशी मेणबत्त्या हाती घेण्यास बंदी केली. शेकडो वर्षांची चाल एका पत्राने थांबली. सुधारकांचे म्हणणे पोकळ नव्हते. ज्योत ही ताईत झाली, म्हणजे तिचा अर्थ विझतो, हे कोणत्याही धर्मातील विचारी मनुष्य मान्य करील.

परंतु ताईत म्हणून जी मेणबत्ती टिकत नाही, ती खूण म्हणून टिकते. आणि त्यासाठी पुन्हा शिमोनाकडेच वळावे लागते. शिमोनाने प्रकाश हातात घेतला, तेव्हा त्याने काय मागितले? आपले मरण टळावे असे त्याने मागितले नाही. उलट, आता खुशाल जावे असे तो म्हणाला. मरियेवरचे दुःख टळेल असेही त्याने तिला सांगितले नाही. ते येईल असेच सांगितले. म्हणजे ज्या प्रसंगावरून हा सण निघाला, त्यात प्रकाशाने अंधार हटविला असे कोठेच नाही. अंधारातून जावयाचे आहेच. हातात उजेड घेऊन जावे की रिकाम्या हाताने, एवढाच प्रश्न आहे. मरणाऱ्याच्या हातात मेणबत्ती देणारी पोलिश म्हातारी मरण टळावे म्हणून ती देत नव्हती. वाट दिसावी म्हणून देत होती, आणि त्याहूनही, आपण येथे त्याच्याजवळ आहो हे त्यास कळावे म्हणून देत होती.

रोमन पंथीयांच्या १९६९ च्या पंचांगात ह्या सणाचे 'मरियेचे शुद्धीकरण' हे जुने नाव जाऊन 'प्रभूचे समर्पण' हे नाव आले. १९९७ पासून संन्यस्त जीवन पत्करलेल्या स्त्रीपुरुषांचा दिवस म्हणूनही तो पाळतात. विधी मात्र मूळचाच आहे. लोक मंदिराबाहेर जमतात. मेणबत्त्या पेटतात, धर्मगुरू त्यांस आशीर्वाद देतात, आणि सर्वजण मिळून आत जातात. बहुधा एकाच्या ज्योतीवर दुसरा आपली बत्ती लावून घेतो. त्यासाठी दोघांनाही थोडे वाकावे लागते. देणाऱ्याची ज्योत त्याने कमी होत नाही. आणि घेणाऱ्यास मात्र, आपला उजेड आपण निर्माण केलेला नाही, तो शेजाऱ्याकडून आला, ही आठवण राहते. हन्नेनेही तेच केले होते. मूल पाहिल्यावर ती स्तब्ध बसली नाही. सुटकेची वाट पाहणाऱ्या सर्वांस ती त्याच्याविषयी सांगू लागली.

आज विजेच्या दिव्यांमुळे मेणबत्तीचे रोजचे काम संपले आहे. शहरातील घरात ती स्वयंपाकघराच्या एखाद्या खणात, काड्यापेटीच्या शेजारी, पडून असते. महिनोन्‌महिने तिची आठवण होत नाही. मग एखाद्या पावसाळी रात्री वीज जाते. मुले घाबरून हाका मारू लागतात, आणि घरातील वडील माणूस चाचपडत जाऊन तोच खण उघडते. ती ज्योत लागताच सगळे घर तिच्याभोवती गोळा होते. मघापर्यंत चार खोल्यांत चार जण होते, ते आता एकमेकांची तोंडे पाहत एका जागी बसतात.

२ फेब्रुवारीची मेणबत्ती जिने प्रथम पेटविली त्या स्त्रीस विजेचे दिवे ठाऊक नव्हते, आणि ज्या म्हाताऱ्याच्या शब्दासाठी तिने ती पेटविली त्याच्यापुढे तर मेणबत्तीही नव्हती. परंतु दोघांसही हे ठाऊक होते की, प्रकाश सणाच्या दिवशी पाहावयाचा आणि अवघड रात्रीसाठी घरी न्यावयाचा असतो.